हैदराबाद संस्थानच्या नोटांचे संग्राह्य मूल्य

हैदराबाद संस्थानच्या उस्मानिया सिक्का चलनातील कागदी नोटांना संग्राहकांकडून मिळणारी किंमत म्हणजे त्यांचे संग्राह्य मूल्य. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथे हे चलन रोजच्या व्यवहारात होते. मराठवाड्यात त्याला 'हाली' व ब्रिटिश रुपयाला 'कलदार' म्हणत. सात हाली रुपये साधारणपणे सहा कलदार रुपयांबरोबर असत.

पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे 1918 मध्ये संस्थानने कागदी चलनाचा कायदा केला. प्रथम 10 व 100 रुपयांच्या, 1919 मध्ये 1 व 5 रुपयांच्या आणि 1926 मध्ये 1000 रुपयांच्या नोटा निघाल्या. लंडनच्या वॉटरलो अँड सन्स कंपनीकडे असलेली छपाई पुढे नाशिकला आली. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कन्नडमध्येही रक्कम छापलेली असे. हे चलन बाद झाल्याने दर्शनी किमतीला आता अर्थ नाही.

केवळ जुनेपणामुळे नोट मौल्यवान होत नाही. मूल्य ठरवताना रक्कम, फसली वर्ष (त्यात 590 मिळवल्यास अंदाजे इसवी सन मिळते) आणि सही एकत्र पाहतात. सही अर्थखात्याच्या प्रमुखाची असे. पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झालेले गुलाम मुहम्मद हे अशा सही करणाऱ्यांपैकी एक. एकाच रकमेच्या दोन नोटांच्या किमतीत केवळ सहीमुळे मोठी तफावत पडू शकते. त्यानंतर स्थिती येते. घड्या, टाचणीची छिद्रे, वाळवी व ओल यांनी मूल्य घटते. धुतलेली, इस्त्री केलेली किंवा चिकटपट्टी लावलेली नोट तर जाणकार लगेच ओळखतात. घरी सापडलेली नोट आहे तशीच ठेवणे उत्तम.

पूर्वेतिहासही महत्त्वाचा ठरतो. मे 1922 मध्ये लंडनहून मुंबईला निघालेले 'इजिप्त' जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यावरील सोन्यासोबत हैदराबादच्या नोटाही होत्या. इटालियन पाणबुड्यांनी पुढे वर काढलेल्या या नोटांना संग्राहकांत वेगळी मागणी आहे.

किशोर झुनझुनवाला व रेझवान रझाक यांची सूची तुलनेसाठी वापरली जाते, परंतु प्रत्यक्ष लिलावातील अलीकडील विक्रीचे आकडे अधिक विश्वसनीय असतात. जाहिरातींतील लाखोंच्या किमतींना आधार नसतो. जुन्या नोटा विकून देण्यासाठी आपले नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जात असल्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता; बँक असे कोणतेही व्यवहार करत नाही.