पंच (इंग्रजी शब्द)

पंच : उच्चार व लेखन एकच, परंतु अर्थ व मूळ भिन्न असलेल्या इंग्रजी समरूप शब्दांचे एक ठळक उदाहरण. छिद्र पाडण्याचे वा ठसा उमटविण्याचे हत्यार, मुठीचा ठोसा, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातील कुबडा विदूषक, आखूड पायांचा धष्टपुष्ट घोडा आणि मद्य, लिंबू, साखर इत्यादींचे मिश्र पेय असे या शब्दाचे प्रमुख अर्थ आहेत. पैकी पहिले दोन एका कुळातील असून विदूषक व पेय यांचा त्या कुळाशी उघड संबंध नाही. पेयाच्या नावाचे मूळ मराठी वाचकाला परिचित असलेल्या ‘पंच’ म्हणजे पाच या संख्यावाचकात आहे, असे सर्रास सांगितले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे हा या शब्देतिहासातील खरा वादाचा मुद्दा होय.

हत्यारवाचक शब्द ‘पंचन’ या दीर्घ रूपाचा संक्षेप आहे. ते रूप प्राचीन फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि त्याच्या मुळाशी टोचणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. टोचणे, ढोसणे, मग मुठीने ठोसणे, असा अर्थविकास मध्ययुगीन इंग्रजीत झाला. या हत्याराचा मुद्रणकलेशी निकटचा संबंध आहे. पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, दांड्याला पाणी देऊन तो तांब्यात ठोकावयाचा व अशा रीतीने तयार झालेल्या मातृकेत धातू ओतून खिळा पाडावयाचा, ही जुनी पद्धत. चार्ल्स विल्किन्झ याच्या हाताखाली बंगाली अक्षरांचे पंच कोरणारा कारागीर पंचानन कर्मकार पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला व तेथे त्याने नागरी अक्षरांचे काम हाती घेतले (त्याच्या नावातील ‘पंच’ मात्र संस्कृत संख्यावाचक आहे, हा निव्वळ योगायोग). विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडले. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याला जो लौकिक लाभला, त्यात राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांचा वाटा मोठा आहे.

विदूषक ‘पंच’ हा मूळचा नेपल्सचा. इटलीतील मुखवट्यांच्या लोकनाट्यातील पुल्चिनेल्ला हे पात्र बाहुल्यांच्या रूपाने इंग्लंडात पोहोचले. सॅम्युएल पेपिस याने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये असा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या दैनंदिनीत केली आहे. मूळ नावाचा संबंध कोंबडीच्या पिलाच्या इटालियन नावाशी जोडतात; पात्राचे चोचीसारखे नाक पाहता तो पटण्यासारखा आहे. ‘पंचिनेल्लो’ या रूपाचे इंग्रजांनी ‘पंच’ केले. बुटका व लठ्ठ मनुष्य हा अर्थ यावरूनच आला असावा आणि ‘सफक पंच’ या घोड्याच्या जातीचे नाव त्या अर्थाशी जुळते. १८४१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या विनोदी साप्ताहिकानेही याच विदूषकाचे नाव घेतले. ते १९९२ मध्ये बंद पडले, १९९६ मध्ये पुन्हा निघाले आणि २००२ मध्ये कायमचे थांबले. त्याच्या अनुकरणाने मुंबईत ‘पारशी पंच’ (१८५४) व लखनौस उर्दू ‘अवध पंच’ (१८७७) निघाले. मराठीत ‘हिंदु पंच’ होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यावर बदनामीची फिर्याद केली होती. न्यायनिवाडा करणारा पंच व टवाळी करणारा विदूषक हे दोन्ही अर्थ भारतीय वाचकाला या नावांत एकदम ऐकू येत असले पाहिजेत.

पेयाच्या नावाची नोंद प्रथम सापडते ती ईस्ट इंडिया कंपनीच्या भारतातील नोकरांच्या १६३२ मधील पत्रव्यवहारात. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेस होता. त्याच्या वृत्तांतात ‘पालेपुंट्स’ असे रूप आढळते. फ्रेंच प्रवासी बर्निए ‘बूलपोंझ’ असे लिहितो. दोन्ही रूपे पंचाचे पात्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाची भ्रष्ट रूपे होत. पाच या संख्येचा उलगडा स्पष्टपणे मिळतो तो जॉन फ्रायर याच्या ग्रंथात. कंपनीचा हा वैद्य १६७३ मध्ये भारतात आला व १६७५ मध्ये मोगल किल्लेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरला जाऊन आला. गोव्याजवळच्या नेरूळ येथील मद्य उत्कृष्ट असून इंग्रज त्यापासून हे गात्रे शिथिल करणारे पेय बनवितात आणि पाच घटकांमुळे त्यास हे नाव पडले, असे तो सांगतो. त्याचा ग्रंथ १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. यूल व बर्नेल यांनी आपल्या आंग्ल-भारतीय शब्दकोशात (१८८६) हीच व्युत्पत्ती उचलून धरली.

तिच्याविरुद्ध दोन आक्षेप आहेत. पहिला घटकांचा : मांडेल्स्लोच्या वृत्तांतात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चारच पदार्थ आहेत आणि जुन्या कृतींमध्ये ही संख्या एकसारखी नाही. दुसरा, अधिक वजनदार, ध्वनीचा. आज इंग्रज हा शब्द जवळजवळ आपल्या ‘पंच’सारखा उच्चारतात, त्यामुळे साम्य सहज पटते. परंतु सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातील स्वर ‘उ’कडे झुकणारा होता, त्या स्वराचे आजच्या ‘अ’सदृश स्वरात रूपांतर त्यानंतर पूर्ण झाले. जर्मन व फ्रेंच प्रवाशांच्या कानी ‘पुंट्स’ व ‘पोंझ’ पडले, ते यामुळेच. फ्रायरचे ‘पाँच’ला जवळचे लेखन तर हिंदुस्थानी शब्दाला जुळते करून घेतल्यासारखे दिसते. म्हणून काही कोशकार मद्याच्या मोठ्या पिंपाचे ‘पंचन’ हे नाव खलाशांनी तोडून पेयाला दिले, असे मानतात. तसे असल्यास पेयाचे नाव हत्याराच्या नावाजवळ जाते, कारण फ्रेंचमध्ये पिंप व टोचणी यांना एकच शब्द आहे.

तथापि पिंपाच्या बाजूनेही लेखी दुवा उपलब्ध नाही, आणि सर्वांत जुने उल्लेख भारतातीलच आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. माडीचे गाळीव मद्य, लिंबू व साखर ही सामग्रीही इथल्या किनाऱ्यावरची. पेयाचा जन्म भारतातील इंग्रजांच्या वखारींत वा त्यांच्या जहाजांवर झाला, एवढे निश्चयाने म्हणता येते. त्याच्या नावाबद्दल तसे म्हणता येत नाही. शब्द प्रचारात आल्यानंतर चाळीसएक वर्षांनी मिळणारे फ्रायरचे स्पष्टीकरण लोकव्युत्पत्तीही असू शकेल. पंचामृताची आठवण होऊन आपल्याकडे ते लगेच स्वीकारले जाते, हा त्याच्या बाजूचा पुरावा नव्हे.

मराठीत इंग्रजी ‘पंच’ हत्यार व ठोसा या अर्थांनी रूढ झाला आहे. लोहारकामात पंच मारतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रे येण्यापूर्वी एस. टी.चा वाहक तिकीट पंच करीत असे. मुष्टियुद्धाच्या मराठी वृत्तांतात तर निर्णय देणारा पंच आणि खेळाडूने मारलेला पंच कधीकधी एकाच वाक्यात येतात.