ग्राफीनच्या पृष्ठभागावरील पाणी : संगणकीय प्रतिमानांचा ऐतिहासिक मागोवा

ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. 2004 साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीच्या साहाय्याने वेगळा केला. या पापुद्र्यावर बसलेला वायूचा एकेक रेणू ओळखता येतो, हे 2007 साली त्याच गटाने दाखविले आणि वायुसंवेदकांच्या संशोधनास चालना मिळाली. मात्र हवेत बाष्प असतेच. वर्धा जिल्ह्यातील मे महिन्याची कोरडी हवा आणि ऑगस्टमधील दमट हवा यांत केवढे अंतर असते, हे वेगळे सांगावयास नको. संवेदक दोन्ही ऋतूंत सारखाच विश्वसनीय ठरावयाचा असेल, तर पाण्याचा रेणू ग्राफीनला किती घट्ट चिकटतो हे आधी ठाऊक असावे लागते. ही एक संख्या निश्चित होण्यास जवळजवळ दोन दशके लागली.

या प्रश्नाची मुळे ग्राफीनपेक्षा बरीच जुनी आहेत. घन पृष्ठभागावरील अधिशोषणाचा सैद्धांतिक विचार लेनार्ड-जोन्स यांनी 1932 साली मांडला. पुढच्याच वर्षी बर्नाल व फाउलर यांनी पाण्याच्या रेणूचे विद्युतभारांवर आधारित प्रतिमान प्रसिद्ध केले. संगणक आल्यावर, 1971 साली, मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान व फ्रँक स्टिलिंगर यांनी 216 रेणूंच्या द्रवरूप पाण्याची गती संगणकावर उभी केली. येथून दोन वाटा फुटल्या. एकीत रेणूंमधील बलांची सूत्रे प्रयोगाशी जुळवून घ्यावयाची. दुसरीत इलेक्ट्रॉनांपासून आरंभ करून सर्व काही गणिताने काढावयाचे. पहिली वाट स्वस्त, दुसरी महाग.

दुसऱ्या वाटेने फेलर व जॉर्डन यांनी 2000 साली, म्हणजे ग्राफीन हाती येण्याच्या चार वर्षे आधी, बेन्झीनपासून क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे षट्कोनी कार्बनी रेणू घेऊन एकपदरी ग्राफाइटवरील पाण्याची बंधनऊर्जा सुमारे 0.25 इलेक्ट्रॉन-व्होल्ट काढली. 2008 साली लीनार्ट्स, पार्टोन्स व पीटर्स यांना घनता-फलन पद्धतीने मिळालेले उत्तर 0.05 च्याही किंचित खाली होते. पाचपटींचा हा फरक गणनेतील चुकीमुळे पडलेला नव्हता. पाणी व ग्राफीन यांना बांधून ठेवणारे बल प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींच्या परस्परसंबंधातून निर्माण होते, आणि त्या काळच्या प्रचलित घनता-फलनांत नेमका हाच अंश गाळलेला होता. क्वांटम माँटे कार्लोसारख्या अधिक काटेकोर पद्धती 2011 पासून या प्रश्नाकडे वळल्या. 2019 पर्यंत उत्तर 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास स्थिरावले. पाण्याच्या दोन रेणूंमधील हायड्रोजन-बंध याच्या साधारण दुप्पट बळकट असतो. म्हणून पाणी ग्राफीनवर पसरण्याऐवजी स्वतःलाच अधिक धरून राहते.

महाग वाटेवरचा खरा अडसर यंत्राचा होता. इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध विचारात घेणाऱ्या सर्वांत साध्या पद्धतींपैकी एकीत रेणू दुप्पट मोठा केला की गणनेचा वेळ सुमारे 32 पट वाढतो. या संदर्भात पुण्यात झालेल्या कार्याची नोंद घेणे आवश्यक ठरते. इच्छित क्षमतेचा क्रे महासंगणक अमेरिकेकडून मिळू शकला नाही, तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या व नागपुरात अभियांत्रिकी शिकलेल्या विजय भटकर यांच्याकडे होते. 1991 साली 'परम 8000' हा समांतर संगणक तयार झाला. त्याच काळात पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे व त्यांचे विद्यार्थी समांतर यंत्रांसाठी स्वतःच्या आज्ञावली लिहीत होते. 1994 साली या गटाने मांडलेली कल्पना शिंप्याच्या कामावरून नाव घेते. मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडावयाचे, कापलेल्या बंधांच्या टोकांना हायड्रोजन लावावयाचे, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सोडवावयाचा आणि दोनदा मोजला गेलेला भाग वजा करून उत्तरे पुन्हा शिवावयाची. लहान यंत्रावर मोठा रेणू बसविण्याची ही युक्ती साधनांच्या तुटवड्यातून सुचली असावी, असे मानण्यास जागा आहे. पाण्याच्या रेणुपुंजांना ती चांगलीच मानवली. ग्राफीनचे इलेक्ट्रॉन मात्र साऱ्या पत्र्यावर पसरलेले असतात, तेथे कात्री जपून चालवावी लागते. अशा संयुग्मित प्रणालींना ही पद्धत कितपत लागू पडते, याचा विचारही याच गटाने 2010 साली केला.

स्वस्त वाटेचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. 2003 साली वेर्डर व सहकाऱ्यांनी कार्बन व ऑक्सिजन यांमधील बलाचे स्थिरांक असे ठरविले, की संगणकातील पाण्याचा थेंब ग्राफाइटवर 86 अंशांचा स्पर्शकोन करील. प्रयोगशाळांतून तेव्हा हाच कोन मिळत असे. दहा वर्षांनी, 2013 साली, असे आढळले की हवेतील हायड्रोकार्बन अल्पावधीतच ग्राफाइटवर बसतात व त्याला अधिक जलविरोधी करतात. नुकत्याच सोललेल्या स्वच्छ पृष्ठभागावर हा कोन 64 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे प्रतिमान ज्या ग्राफाइटशी जुळविले गेले, त्यावर आधीच पुट चढलेले होते. गणना अचूक होती, मोजमापही प्रामाणिक होते. पृष्ठभाग मात्र समजला जात होता तो नव्हता.

आज घनता-फलन व रेण्वीय गतिकीच्या मुक्त आज्ञावली सहज उपलब्ध आहेत. वर्ध्यातील विज्ञान महाविद्यालयाच्या साध्या संगणकावरही चोवीस कार्बन अणूंच्या कोरोनीनवर पाण्याचा एक रेणू ठेवून त्याची बंधनऊर्जा काढता येते. पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे. परंतु बलस्थिरांकांची जी तयार धारिका विद्यार्थी उतरवून घेतो, तीत 2003 च्या जुळवणीचे आकडे आजही आढळू शकतात, आणि ते कोणत्या पृष्ठभागावरून आले याची नोंद धारिकेत सहसा नसते. ती मूळ शोधनिबंधातच पाहावी लागते.