सरोवरावरचा धूर

४ डिसेंबर १९७१, शनिवारची दुपार. स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या काठी वसलेल्या माँत्रोच्या कॅसिनोत तुम्ही गर्दीत उभे आहात. मंचावर फ्रँक झॅपाचा 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' बँड वाजवतोय. गर्दीत 'डीप पर्पल' या इंग्लिश बँडचीही काही मंडळी आहेत. हा कार्यक्रम संपला की सभागृह हिवाळ्यापुरतं रिकामं होणार, आणि मग ते तिथं आपला नवा आल्बम ध्वनिमुद्रित करणार. त्यासाठी रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ-गाडी त्यांनी भाड्यानं घेतली आहे.

सिंथेसायझरचे सूर चढत असताना मागून कुणीतरी छताच्या दिशेनं फ्लेअर गन झाडतं. छताला वेताचं आच्छादन आहे. आधी नुसत्या ठिणग्या दिसतात, आणि क्षणभर तुम्हालाही हा कार्यक्रमाचाच भाग वाटतो. झॅपा मात्र गाणं थांबवून, आवाज न चढवता, सगळ्यांना बाहेर पडायला सांगतो. तुम्ही बाहेर येता तेव्हा मोठाल्या काचा फुटत असतात. माँत्रो जॅझ महोत्सवाचा संस्थापक क्लोद नोब्स आत अडकलेल्या पोरांना ओढून बाहेर काढतोय. सगळे वाचतात. झॅपाच्या बँडची वाद्यं आणि अख्खा कॅसिनो मात्र जळून जातो. डोंगरावरून उतरलेला वारा धुराला पाण्यावर पसरवत नेतो. हॉटेलच्या खिडकीतून डीप पर्पलची माणसं ते बघत बसतात. त्यांचा स्टुडिओच डोळ्यांदेखत संपलेला आहे.

आता काही दिवस पुढं चला. नोब्सनं त्यांना गावातलंच 'पॅव्हेलियन' नावाचं थिएटर मिळवून दिलंय. रात्र झाली आहे आणि बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतोय. एका वेळी दोन तारा, दोन सुरांत षड्ज-मध्यमाचं अंतर, आणि तारा छेडायच्या त्या पिकनं नव्हे, बोटांनी. इतकं सोपं की नवशिक्याला तासाभरात जमेल. त्याला बँडच्याच जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनची जोड मिळते. ऑर्गन मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून गेल्यामुळे त्याचा आवाजही गिटारसारखा खरखरीत झालाय. या आवाजानं शेजारीपाजारी जागे होतात आणि पोलीस येतात. आत टेक चालू आहे, म्हणून बँडचे मदतनीस आतून दार दाबून धरतात. तुम्हीही खांदा लावा. टेक पुरा होतो, पोलीस आत शिरतात, थिएटर सोडावं लागतं. हाती उरते फक्त चाल, तिला अजून शब्द नाहीत.

उरलेलं काम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या गारठलेल्या बोळांत होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टेकवल्या आहेत. यंत्रांची गाडी बाहेर उभी आहे, ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च तिच्यात बसून ध्वनिमुद्रण करतोय. एकदा वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, बोळ, बाल्कन्या ओलांडून त्या गाडीपर्यंत जावं लागतं. ही पायपीट इतकी कंटाळवाणी ठरते की मंडळी ऐकायला जाणंच सोडतात. या आल्बमच्या आवाजातला मोकळेपणा मला या अडचणींतूनच आलेला वाटतो.

शेवटी हिशेब केल्यावर आल्बमला काही मिनिटं कमी पडतात. तेव्हा पॅव्हेलियनमधली ती चाल आठवते. बेसवादक रॉजर ग्लव्हरला एका पहाटे अर्धवट झोपेत शीर्षक सुचलेलं असतं: 'स्मोक ऑन द वॉटर'. गायक इयान गिलन कचरतो, लोकांना हे नशापाण्याचं गाणं वाटेल म्हणून. मग दोघं सरळ घडलेलं लिहून काढतात: कुठं आलो, काय जळालं, कुणी कुणाला वाचवलं, शेवटी कुठं बसून काम केलं. या गाण्यात उपमा नाही, विलाप नाही. बातमी सांगावी तशा साधेपणानं ते गायलेलं आहे, आणि म्हणूनच पन्नास वर्षं उलटूनही त्याला धुराचा वास येतो.

'मशीन हेड' हा आल्बम मार्च १९७२ मध्ये निघाला. या गाण्याकडून बँडलाच फारशी अपेक्षा नव्हती. पुढच्या वर्षी सिंगल म्हणून आल्यावर ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. कॅसिनो १९७५ साली पुन्हा उभा राहिला. त्यातला माउंटन स्टुडिओ पुढं 'क्वीन' बँडनं विकत घेतला. 'क्वीन'चा गायक, पाचगणीच्या शाळेत वाढलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा आज त्याच सरोवराकाठी उभा आहे.

हे गाणं पुन्हा लावाल तेव्हा गिटारच्या पहिल्या तुकड्यावरच थांबू नका. आधी एकटी गिटार, मग झांजेचा ठेका आणि ऑर्गन, मग पूर्ण ड्रम्स, आणि सगळ्यात शेवटी ग्लव्हरचा बेस. ते एकामागून एक कसे येतात ते नीट ऐका. पोलीस दाराबाहेर होते तेव्हा वाजवलेलं आहे ते.