बोईसर-तारापूर : पाणी आणि स्थानिक स्वराज्य
तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहतीभोवती बोईसर विस्तारले. २०११ च्या जनगणनेत ते 'जनगणना नगर' गणले गेले, तरी त्याचा कारभार तेव्हा ग्रामपंचायतीकडेच होता. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पेयजल हा विषय पंचायतींकडे सोपवता येण्याजोगा मानला. मात्र याच परिसरातील सूर्या नदीवर, सिंचनाच्या हेतूने बांधलेल्या धामणी धरणातून, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली. तिचे मुख्य लाभार्थी वसई-विरार व मीरा-भाईंदर ठरले. तात्पर्य, पाणीपट्टी वसुलीची जबाबदारी गावाकडे आली. जलस्रोत व मोठा निधी यांविषयीचा निर्णय मात्र गावाबाहेरच राहिला. स्थानिक स्वराज्याची खरी कसोटी या निर्णयाधिकारातच आहे.