स्वस्त गाडी, महाग वाट : सिलोथच्या डिझेल गाडीची दहा वर्षे

#थ्रेड #इतिहास

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, सॉल्वेच्या खाडीकाठी, सिलोथ नावाचे एक लहानसे बंदर आहे. कार्लाइल शहरापासून तिथवर १८५६ साली रेल्वे पोहोचली. अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. बंदराने मोठी भरभराट पाहिली नाही. पण कार्लाइलच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना सुटीच्या दिवसाचा समुद्र मिळाला. नोव्हेंबर १९५४ च्या अखेरीस या मार्गावरची वाफेची प्रवासी गाडी निवृत्त झाली आणि तिच्या जागी डिझेलची नवी कोरी गाडी आली. असा बदल पाहिलेल्या देशातील अगदी पहिल्या मोजक्या मार्गांपैकी हा एक. ७ सप्टेंबर १९६४ रोजी मार्गच बंद झाला.

नव्या गाडीचे स्वागत आणि स्थानकाला टाळे, यांत पुरती दहा वर्षेही गेली नाहीत. ज्या मार्गाचे आधुनिकीकरण सर्वांत आधी केले, तोच इतक्या लवकर मोडीत का काढला गेला? ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात याचे उत्तर बहुधा एका माणसाच्या नावाने दिले जाते : डॉ. बीचिंग. मला ते उत्तर अपुरे वाटते. खरे उत्तर गाडीच्या खर्चात आणि वाटेच्या खर्चात दडलेले आहे.

प्रथम गाडीविषयी. 'डिझेल मल्टिपल युनिट' म्हणजे आपण ज्या कुळातल्या गाडीला 'डेमू' म्हणतो ते कूळ. पुणे–दौंड मार्गावर २०१७ पासून धावलेली डेमू अनेकांनी पाहिली असेल. आपल्या डेमूत डिझेल इंजिन वीज निर्माण करते आणि चाके विजेच्या मोटारी फिरवतात. १९५४ च्या ब्रिटिश गाड्यांत मात्र इंजिनाची शक्ती बसप्रमाणे गिअरपेटीतूनच चाकांपर्यंत जाई. तत्त्व एकच. गाडी ओढणारे स्वतंत्र इंजिन नाही. डब्यांच्या पोटाखालीच इंजिने आडवी बसवलेली, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली, आणि दोन-तीन संच एकमेकांना जोडले तरी सर्वांचे नियंत्रण एकाच ड्रायव्हरच्या हाती.

याचे महत्त्व वाफेच्या गाडीशी तुलना केल्याशिवाय ध्यानात येत नाही. वाफेचे इंजिन पेटवायला पहाटे काही तास आधी माणूस हवा. सोबत फायरमन हवा. कोळसा हवा, पाणी हवे, राख काढायला जागा हवी. शेवटच्या स्थानकात इंजिन सोडवायचे, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचे, पुन्हा जोडायचे. डिझेल गाडीत ड्रायव्हर आपली पिशवी उचलून फलाटावरून दुसऱ्या टोकाला चालत जाई, आणि गाडी परतीला सज्ज. तीच गाडी दिवसात अधिक फेऱ्या करू लागली.

ही कल्पना १९५४ मध्ये आकाशातून पडली नव्हती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९३३ पासूनच एईसी या बस-निर्मात्या कंपनीच्या इंजिनांवर चालणारे डिझेल डबे आणले होते. त्यांच्या गोलसर निमुळत्या आकारावरून लोकांनी त्यांचे नाव 'उडते केळे' असे ठेवले. १९४८ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. खेड्यापाड्यांतील प्रवासी बसकडे वळत होते आणि शाखामार्गांचा तोटा डोळ्यांत भरत होता. तेव्हा डर्बीच्या कारखान्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे हलके डबे बांधले आणि त्यांखाली मुळात बससाठी घडवलेली १२५ ते १५० अश्वशक्तीची इंजिने बसवली. जून १९५४ मध्ये या गाड्या लीड्स–ब्रॅडफर्ड परिसरात धावू लागल्या. पाठोपाठ कंबरलंडची पाळी आली, आणि तिथे सिलोथचीही. (त्या इंजिनांमागे एईसीबरोबर लेलँड ही कंपनीही होती. मद्रासची अशोक मोटर्स १९५५ मध्ये जिच्या भागीदारीने 'अशोक लेलँड' झाली, तीच ही. आपल्या एसटीच्या लाल गाडीचे या हिरव्या रेल्वेगाडीशी दूरचे नाते आहे!)

प्रवासी परत आले. गाड्या स्वच्छ, फेऱ्या वाढलेल्या, आणि एक गोष्ट कोणाच्या हिशेबात नव्हती : ड्रायव्हरच्या खोलीमागे काच होती. पुढच्या बाकावर बसलेल्याला समोरचा रूळ, सिग्नल, वळण, येणारे स्थानक असे सारे दिसे. वाफेच्या युगात हे दृश्य फक्त इंजिनावरच्या दोन माणसांच्या वाट्याला येत होते. जानेवारी १९५५ मध्ये जाहीर झालेल्या १२४ कोटी पौंडांच्या आधुनिकीकरण योजनेत अशा हजारो डब्यांची तरतूद झाली. घाई मात्र इतकी की वेगवेगळ्या कारखान्यांना एकाच वेळी कामे दिली गेली आणि नियंत्रणाच्या पद्धती जुळेनात. कोणती गाडी कोणत्या गाडीला जोडता येते हे ओळखण्यासाठी डब्यांच्या टोकांवर खुणा रंगवाव्या लागल्या : निळा चौकोन, पिवळा हिरा, लाल त्रिकोण. चौकोनाचे त्रिकोणाशी जमत नसे.

आता मूळ मुद्द्याकडे. डिझेल गाडीने *गाडी चालवण्याचा* खर्च खाली आणला, यात वाद नाही. पण शाखामार्गाचा खर्च म्हणजे केवळ गाडीचा खर्च नव्हे. प्रत्येक स्थानकावर स्टेशन मास्तर, तिकीट देणारा, हमाल. प्रत्येक सिग्नल केबिनमध्ये पाळीपाळीने माणसे. प्रत्येक फाटकावर गेटमन. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, जेव्हा मजूर स्वस्त होता आणि रस्त्यावर घोडागाडीखेरीज स्पर्धक नव्हता, तेव्हा उभारलेली ही सगळी व्यवस्था १९५४ मध्ये जशीच्या तशी होती. तिच्यावरून बसचे इंजिन लावलेली हलकी गाडी धावू लागली, एवढाच फरक. मालक बदलला, घोडा बदलला, तबेला तोच राहिला.

या दुव्याकडे रेल्वेने त्या दहा वर्षांत पुरेसे लक्ष दिले नाही, आणि माझ्या मते सिलोथची गोष्ट इथेच फिरली. तिकीट गाडीतच देता आले असते. स्थानके माणसांविना ठेवता आली असती. फाटके स्वयंचलित करता आली असती. त्याऐवजी गाडी आणखी लहान करून पाहण्यात आली. १९५८ च्या सुमारास पाच निर्मात्यांकडून एकूण २२ चारचाकी 'रेलबस' घेतल्या गेल्या. पश्चिम जर्मनीत अशाच रेलबसनी शेकड्यांच्या संख्येने शाखामार्ग तगवले होते. ब्रिटनमध्ये त्या दशकभरातच नाहीशा झाल्या.

आणि मग २७ मार्च १९६३. इम्पीरियल केमिकल्स या रसायन कंपनीतून आलेले पदार्थवैज्ञानिक रिचर्ड बीचिंग यांनी रेल्वे मंडळाचे अध्यक्ष म्हणून आपला अहवाल प्रसिद्ध केला. २,३६३ स्थानके आणि सुमारे पाच हजार मैल मार्ग बंद करावेत, ही शिफारस. रेलबसचा पर्यायही त्यांनी थोडक्यात निकाली काढला : गाडी कितीही स्वस्त असो, वाटेचा खर्च उरतोच. हा युक्तिवाद चुकीचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण वाटेचा खर्च दैवाने ठरवून दिल्यासारखा गृहीत धरला गेला. तो कमी करता येईल का, हा प्रश्न मार्गामार्गाने विचारला गेला नाही.

अहवालाच्या नकाशांमागची आकडेवारी एका आठवड्याच्या पाहणीवर उभी होती. तो आठवडा २३ एप्रिल १९६१ रोजी संपला. त्या वर्षी ईस्टर २ एप्रिलला होऊन गेला होता. उन्हाळी सुट्या अजून दूर होत्या. समुद्रकाठच्या गावाची वर्दळ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोजणे म्हणजे आषाढी सरल्यावर पंढरपूरचे यात्रेकरू मोजणे! त्या एका आठवड्यामुळेच सिलोथ बुडाले असे मी म्हणणार नाही, कारण हिवाळ्यातला तोटाही खराच होता. पण कागदावर उमटलेले गाव हे जुलैमधले गाव नव्हते.

गावकऱ्यांना दाद मागता येत होती का? होती, आणि नव्हती. १९६२ च्या वाहतूक कायद्याने वाहतूक ग्राहकांच्या सल्लागार समित्यांसमोर हरकत नोंदवण्याची सोय ठेवली होती. मात्र या समित्यांना एकाच गोष्टीचा विचार करण्याची मुभा होती : मार्ग बंद झाल्याने प्रवाशांची अडचण किती होईल. रेल्वेने मांडलेला तोटा खरा की खोटा, खर्चाची वाटणी कशी केली, पर्याय तपासले का, हे त्यांच्या अधिकाराबाहेर. म्हणजे आरोपीने आपल्याला शिक्षा झाल्यास किती दुःख होईल ते सांगावे. पुराव्याची उलटतपासणी करू नये. अंतिम निर्णय वाहतूक मंत्र्यांचा. ते मंत्री अर्नेस्ट मार्पल्स, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीचे संस्थापक-भागीदार. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हेतूंचे आरोप जपून करावेत, म्हणून इथे फक्त नोंद करतो.

६ सप्टेंबर १९६४ च्या रविवारी सिलोथच्या शेवटच्या गाडीला निरोप द्यायला हजारो लोक जमले. काहींनी रुळांवर ठाण मांडले; पोलिसांना त्यांना हटवावे लागले. अवघ्या पाच-सहा आठवड्यांनी, १५ ऑक्टोबरला, सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मोठे मार्ग बंद करणे थांबवू असे आश्वासन देणारा मजूर पक्ष सत्तेवर आला. आश्वासन फारसे पाळले गेले नाही. त्याच कंबरलंडमधला, तशाच डर्बीच्या डिझेल गाड्या लाभलेला वर्किंग्टन–केझिक मार्ग १९६६ मध्ये गेला, आणि केझिक–पेनरिथ १९७२ मध्ये.

वेगळे काही घडू शकले असते का? इतिहासात हा प्रश्न सहसा निरर्थक ठरतो; इथे मात्र त्याचे उत्तर देणारा मार्ग अस्तित्वात आहे. इप्सविच ते लोस्टॉफ्ट हा पूर्व सफोकमधला मार्गही बीचिंगच्या यादीत होता. तिथल्या पूर्व विभागाचे महाव्यवस्थापक जेरार्ड फाइन्स यांनी उलट बाजूने विचार केला. स्थानकांवरचा कर्मचारीवर्ग काढा, गार्डच गाडीत तिकिटे देईल. याला 'पेट्रेन' असे नाव पडले. पुढे फाटके स्वयंचलित झाली, १९८० च्या दशकात रेडिओवरून सिग्नल-नियंत्रण आले. गाडी तीच डिझेलची. वाट मात्र गाडीच्या ऐपतीची झाली. मार्ग आजही चालू आहे. फाइन्स यांनी १९६७ मध्ये आपल्या अनुभवांवर रोखठोक पुस्तक लिहिले आणि त्यापायी नोकरी गमावली.

पुढच्याच वर्षी वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांच्या पुढाकाराने तयार झालेला १९६८ चा वाहतूक कायदा आला. तोट्यातल्या पण समाजाला आवश्यक असलेल्या प्रवासी सेवांसाठी सरकारने अनुदान द्यावे, हे त्याने मान्य केले. सिलोथला ते चार वर्षे उशिरा होते.

तरी स्वस्त गाडीचा मोह सुटला नाही. १९८० च्या दशकात जुन्या डिझेल गाड्या थकल्या, तिजोरीत पैसा नव्हता, आणि सर्पेल समितीचा १९८३ चा अहवाल रेल्वेचे जाळे जवळपास १,६३० मैलांपर्यंत आक्रसण्याचाही पर्याय मांडत होता. अशा वेळी 'पेसर' जन्मली : लेलँडच्या बसचा सांगाडा, खाली चारचाकी मालडब्याच्या धर्तीची चौकट. वळणावर ती किंचाळे, सांध्यांवर उसळे. कॉर्नवॉलच्या वळणदार मार्गांवर पाठवलेल्या पेसर तिथे टिकेनात, म्हणून उत्तरेकडे हलवाव्या लागल्या. उत्तर इंग्लंडने त्या पस्तीस वर्षे सोसल्या. लंडनच्या आसपास अशी गाडी कोणी इतकी वर्षे चालवली असती का, हा तिथल्या प्रवाशांचा प्रश्न मला रास्त वाटतो. पण ती नसती तर कित्येक मार्गांना दुसरी गाडीही मिळाली नसती, हेही तितकेच खरे. नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तरेतली आणि पुढच्या वर्षी वेल्समधली शेवटची पेसर निवृत्त झाली. काही त्याआधीच इराणला विकल्या गेल्या होत्या.

अलीकडचे दोन प्रसंग. नोव्हेंबर २०२१ मध्ये डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनला नियमित प्रवासी गाडी परतली. १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यूकॅसल–ॲशिंग्टन मार्ग पुन्हा खुला झाला. त्याची प्रवासी सेवा नोव्हेंबर १९६४ मध्ये, म्हणजे सिलोथनंतर जेमतेम दोन महिन्यांनी, थांबली होती. दोन्हीकडे गाड्या डिझेलच्या मल्टिपल युनिट, आणि त्याही जुन्याच. हे शक्य झाले, कारण प्रवासी गेले तरी रूळ राहिले होते : ओकहॅम्प्टनला मेल्डनच्या खडीच्या खाणीसाठी, ॲशिंग्टनला कोळशासाठी. वाट मालगाडीने राखली.

सिलोथच्या वाटेला असा राखणदार नव्हता. रूळ उखडले गेले. कार्लाइलहून आज सिलोथच्या समुद्रावर जायचे तर रस्त्यानेच जावे लागते.