वेठ, श्रमदान आणि डोंगराची वाट

नगर जिल्ह्यात डोंगरावर जाणारी वाट सहसा कोणी आखलेली नसते. ती शेळ्यामेंढ्यांच्या खुरांनी पडलेली असते. पावसात तिची ओघळ होते आणि ओघळीची पुढे घळ होते. मात्र याच जिल्ह्यातील काही गावांच्या डोंगरांवर गेल्या तीन-चार दशकांत निराळ्या वाटा तयार झाल्या. त्या उतारावरून सरळ खाली न येता आडव्या जातात, चरांच्या कडेकडेने वळतात, आणि त्यांच्या दोहों बाजूंना सीताफळ, कडुनिंब, करंज व डोंगरी गवत उभे असते. या वाटा गावकऱ्यांनी कुदळ-फावडे हाती घेऊन पाडल्या. त्या कशासाठी पाडल्या आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटते.

आपला जिल्हा एकाच नावाखाली दोन मुलूख सांभाळतो. अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघर भागात पाऊस कोसळतो. तेच ढग पूर्वेकडे सरकले की संगमनेर, पारनेर, नगर येथे पोहोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आमच्या अनेक धर्मग्रामांतील कुटुंबांनी या कालव्याच्या पट्ट्यात मजुरी करूनच मुले शिकवली. पण कालवा डोंगर चढत नाही. कालव्याच्या वर राहिलेल्या गावांना पाणी द्यायचे तर ते आभाळातूनच घ्यावे लागते, आणि पडेल तेथेच अडवावे लागते.

दुष्काळ आला की सरकार काम काढीत असे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम दुष्काळी काम म्हणूनच झाले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, बायाबापड्यांनी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. त्या खडीने माणसे जगली, ही गोष्ट लहान नव्हे. रोजगार हमीची कल्पना त्याच काळात रुजली. परंतु खडी फोडून डोंगरावर पाणी थांबत नाही. पुढला दुष्काळ आला तेव्हा गावे पुन्हा तितकीच तहानलेली होती.

येथे ‘श्रमदान’ या शब्दाविषयी थोडे थांबले पाहिजे. हा शब्द ऐकायला मोठा गोड आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना मात्र त्याच्या मागे दुसरा एक शब्द ऐकू येई : वेठ. महार वतनाच्या नावाखाली गावाचे पडेल ते काम करायचे, निरोप पोहोचवायचे, सरकारी अंमलदारापुढे धावायचे, आणि बदल्यात मिळेल ते शिळेपाके घ्यायचे, अशी ती रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले; कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यावयास १९५८ साल उजाडले. मिशनकाळात ख्रिस्ती झालेल्या आमच्या अनेक घराण्यांनी ही वेठ पाठीवर वाहिलेली आहे. अशा माणसाला ‘गावासाठी फुकट काम कर’ असे म्हणताना सांगणाऱ्याने दहादा विचार केला पाहिजे. चर खणायचा भूमिहीनाने आणि विहिरीला पाणी वाढायचे बागायतदाराच्या, असे झाले तर ती नव्या नावाची वेठच होय.

हा प्रश्न ज्यांना नीट उमगला होता त्यांत फादर हर्मन बाखर हे एक होते. १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांचे उभे आयुष्य याच मुलुखात गेले. नगर येथे त्यांनी सोशल सेंटर उभारले. कोरडवाहू शेतकऱ्याला विहीर, पंप, कर्ज मिळवून देता देता त्यांच्या ध्यानात आले की भूगर्भात पाणी उतरतच नसेल तर विहीर खोल करणे म्हणजे रिकाम्या रांजणात लांब दांड्याचा ओगराळा घालणे. आधी डोंगर धरला पाहिजे. नगरजवळच्या पिंपळगाव वाघा या गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस या दिशेने काम झाले. त्याआधी पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांनी १९७५ पासून जलसंधारणाची वाट घालून दिली होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान हे शब्द तेथूनच गावोगाव पोहोचले. पुढे जर्मन साहाय्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यात नाबार्ड सामील झाली, आणि १९९३ मध्ये फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. इंग्रजी आद्याक्षरांचे हे नाव आमच्या खेड्यांत आता मराठीच झाले आहे.

या कार्यक्रमाचा क्रम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. पैसा आधी नव्हे. आधी ग्रामसभा, मग काही दिवसांचे श्रमदान, मग कुऱ्हाड व चराई बंद करण्याचा ठराव. गाव स्वतः हलते की नाही हे पाहूनच पुढील निधी यावयाचा. कामाची मजुरी मिळे, तिच्यातील ठरावीक वाटा गावाने श्रमदान म्हणून द्यावयाचा. आणि भूमिहीन व एकट्या बाईच्या आधारावर चालणारी घरे या दानातून वगळलेली. ज्याची जमीन भिजणार त्याने घाम गाळावा. हिशेबाच्या वहीतले हे एक लहानसे कलम, पण वेठ आणि श्रमदान यांच्यातील भिंत त्याच कलमाने उभी राहते.

काम ‘माथा ते पायथा’ या क्रमाने चाले. आधी शिवारफेरी. गावकरी, तंत्रज्ञ आणि समितीचे सभासद शिवार पायी तुडवीत, प्रत्येक गटापाशी थांबून माती किती, उतार किती, येथे काय करायचे हे मालकाच्या तोंडावर ठरवीत. नवरा-बायको दोघांनीही फेरीला यावे असा आग्रह असे. (ज्या घरात बाई आली त्या घरचा बांध टिकतो, असे आमचे निरीक्षण आहे, त्यावर वाद घालण्यास आम्ही तयार आहोत.) मग पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने किंवा तीन लाकडे जोडून केलेल्या ए-आकाराच्या चौकटीने सारख्या पातळीच्या रेषा आखायच्या, फक्की टाकायची आणि त्या रेषेवर साधारण ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर काढायचा. माती खालच्या अंगाला रचायची, तिच्यावर रोप व गवताचे बी. पावसाचे धावते पाणी चरात थबकते, मुरते, आणि महिन्यामहिन्यांनी खालच्या विहिरीत पाझरते. हातात कुदळ धरता येणाऱ्या कोणालाही हे जमते. चरालगतच्या या भरावावरून माणसे खणताना चालली, रोपांना पाणी घालताना चालली, राखणीला चालली. आणि वाट पडली.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीची कथा या संदर्भात सांगितलीच पाहिजे, कारण तेथे भांडण झाले. १९९६ ते २००१ या काळात तेथे काम चालले. गावाच्या शिवारात वनखात्याची मोठी जमीन होती आणि तिच्यावर मेंढपाळांचे पोट होते. चराईबंदीचा ठराव बागायतीची आशा असणाऱ्याला सोपा. ज्याची सारी दौलत चार पायांवर चालते त्याच्या मात्र तो घशाशी येतो. मेंढपाळांनी विरोध केला, आणि आमच्या मते त्यांचा विरोध रास्त होता. अखेर सारा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करावा, एखादा भाग चराईला खुला राहावा, असा मार्ग निघाला. कामापूर्वी तेथे शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिने काम मिळे, नंतर ते नऊ-दहा महिन्यांवर गेले; भूजलाची पातळी साडेसहा मीटरवरून सुमारे तीन मीटरपर्यंत वर आली; उन्हाळ्याचे टँकर थांबले. जिल्ह्याला २०२४ पासून ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवी जामखेड तालुक्यातील चोंडीच्या, धनगराच्या लेक; तेव्हा या जिल्ह्याने तरी वन राखताना मेंढपाळाला विसरू नये.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यातच लिहितो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा ९७६ हेक्टरांच्या त्या गावातील डोंगर उघडाबोडका होता आणि तरुण मजुरीसाठी गाव सोडीत होते. आदर्श गाव योजनेखाली चर, बांध, वृक्षलागवड झाली. बोअरवेलवर शेतीसाठी बंदी आली. पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची हे ठरू लागले. ठिकठिकाणचे शेतकरी, विद्यार्थी, अधिकारी तेथे येतात आणि त्यांना त्याच चरांच्या कडेने डोंगरावर नेले जाते. पाहुण्यांसाठी मुद्दाम आखलेल्या पायवाटेपेक्षा आम्हांस ही वाट मोलाची वाटते, कारण ती आधी कामाची होती.

तेथला एक नियम आमच्या मनात विशेष भरला. डोंगर गुरांना बंद आहे, गवत मात्र बंद नाही. पावसाळा सरून गवत पिकले की ठरावीक शुल्क भरावयाचे आणि विळ्याने कापता येईल तितके गवत डोक्यावर घेऊन उतरावयाचे. ज्याच्या घरी एक म्हैस आहे त्याला आणि ज्याच्या गोठ्यात दहा आहेत त्यालाही घरटी विळा एकच.