‘कट्यार’चे खाँसाहेब साकारणं इतकं अवघड का?

‘सुरत पिया की’ची रील पाहताना तुम्हीही कधीतरी थांबला असाल. पण तेच पद रंगमंचावर, उर्दू वळणाचे संवाद म्हणता म्हणता गायचं असेल तर? कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात एखादं संगीत नाटक पाहिलं असेल, तर गायक नटाची कसरत तुमच्या लक्षात आली असेल.

ऑपेरा आणि संगीत नाटक
ऑपेरात बहुतेक संवादही गातात आणि सुरावट आधीच लिहिलेली असते. संगीत नाटकात संवाद बोलतात, पदं गातात. पद रंगलं की नट ते जागेवरच फुलवतो. ‘वन्स मोअर’ आला तर पुन्हा गातो. त्यामुळे तयारी फक्त चाल पाठ करण्याची नसते.

भूमिका काय आहे?
‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी. राजगायकपदासाठी पंडितजी आणि खाँसाहेब या दोन घराण्यांतला हा संघर्ष. खाँसाहेब झाले होते डॉ. वसंतराव देशपांडे.

खरी अडचण कुठे?
‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद, पण अभिषेकीबुवांनी त्याला दोन चाली दिल्या, एक संथ आणि एक द्रुत. शब्द तेच, गायकी वेगळी. म्हणजे खाँसाहेब होणाऱ्याने नुसतं सुरेल गाऊन भागत नाही. त्याच्या तानेत ईर्षा दिसली पाहिजे, अहंकार दिसला पाहिजे आणि शेवटी पश्चात्तापही. ‘सुरत पिया की’ तर रागमालाच. राग बदलत जातात, पण पात्र सुटता कामा नये.

तयारी कशी होते?
रोजचा रियाज हा पाया. त्यावर उर्दू उच्चार, हालचाल आणि दम राखण्याचा सराव. पहिल्याच अंकात सगळा जोर लावला, तर शेवटच्या पदापर्यंत गळा टिकत नाही. म्हणून कुठे आवाज मोकळा सोडायचा आणि कुठे राखायचा, हे तालमीतच ठरवावं लागतं.

आजोबांची सावली
2010 मध्ये सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं. खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, तर सदाशिव झाले महेश काळे. 1983 मध्ये वसंतराव गेले तेव्हा राहुल जेमतेम तीन वर्षांचे होते. आजोबांसमोर बसून ही भूमिका शिकणं शक्यच नव्हतं. हाताशी होती ती ध्वनिमुद्रणं आणि इतर गुरूंकडून मिळालेली तालीम. हुबेहूब गायलं तर नक्कल, वेगळं गायलं तर तुलना. त्यातून वाट काढणं हीच मोठी परीक्षा होती.

2015 च्या चित्रपटात खाँसाहेबांचा अभिनय सचिन पिळगावकरांनी केला आणि गळा राहुल यांनी दिला. पडद्यावर अशी वाटणी करता येते. रंगमंचावर मात्र दोन्ही एकालाच पेलावं लागतं. म्हणूनच ही भूमिका पुढे चालू राहायची, तर पुढच्या पिढीत गाणारा नट घडावा लागेल, आणि त्याला वर्षं लागतात.